दुखरी कंबर आणि लहबाबची पहाट

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे महिन्याभरासाठी दुबईला लेकीकडे गेलो, तेव्हा तिने पहिल्याच संध्याकाळी वाळवंटाच्या सफरीचा विषय काढला. माझ्या पतींनी लगेच होकार दिला. मी मात्र गप्प राहिले, कारण चार वर्षांपूर्वी माझ्या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती आणि त्यानंतरचे सहा आठवडे मी जवळजवळ अंथरुणावरच काढले होते. त्याशिवाय मला लहानपणापासून घाटात गाडी लागते. वाळूच्या टेकड्यांवरून उसळत जाणाऱ्या गाड्यांची चित्रे पाहताना मला मजा दिसत नव्हती, तर प्रत्येक उसळीबरोबर कमरेला बसणारा दणका दिसत होता. माझ्यासारख्या माणसाने जावे की नाही, गेल्यास कसे जावे, हे शोधायला बसले, तेव्हा ‘अजिबात चुकवू नका’ आणि ‘कंबर दुखत असेल तर जाऊ नका’ या दोन टोकांपलीकडे काही हाती लागले नाही. त्या दोन टोकांच्या मधली जागा मला सापडली, पण ती शोधण्यात जवळजवळ तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे आणि ती सकाळ जशी घडली तशी लिहीत आहे.

सुरुवात खरे तर निघण्याआधीच झाली होती. कंबरदुखीसाठी माझ्याकडे जी औषधे असतात, त्यांतली काही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत मोडतात, हे लेकीने नोव्हेंबरातच बजावले होते. ट्रामाडॉल, कोडीन आणि मज्जातंतूंच्या वेदनेवर दिले जाणारे प्रीगाबालिन ही आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी औषधे तिथे नुसती पर्समध्ये टाकून नेता येत नाहीत. त्यांच्यासाठी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पासपोर्टची प्रत जोडून आधी परवानगी घ्यावी लागते. माझ्या डॉक्टरांनी महिन्याभरासाठी साध्या पॅरासिटामॉलवर भागवता येईल असे सांगितले, त्यामुळे मला तो अर्ज करावा लागला नाही. तरीही सगळ्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि सहीशिक्क्याच्या चिठ्ठीसह नेल्या.

सफर कोणती घ्यायची, हे ठरवायला चार दिवस लागले. संध्याकाळच्या सफरीत सूर्यास्त, जेवण, नाच असे सगळे असते आणि ती सहा-सात तास चालते. सकाळची सफर साडेतीन-चार तासांत आटोपते, तिच्यात जेवण आणि करमणूक नसते, पण हवा थंड असते आणि गाड्यांची गर्दीही कमी असते. सहा-सात तास बसणे मला जमणारे नव्हते, म्हणून सकाळच ठरली. जागेचे दोन पर्याय होते. एक, २२५ चौरस किलोमीटरचे दुबई वाळवंट संरक्षित क्षेत्र, जिथे पांढरे अरबी ओरिक्स हरीण मोकळे फिरताना दिसते. हे हरीण १९७२ साली निसर्गातून नाहीसे झाले होते. बंदिवासात वाढवलेली हरणे १९८२ साली ओमानमध्ये पुन्हा मोकळी सोडण्यात आली आणि नंतर इतर देशांतही ती परतली. ते पाहण्याची मला फार इच्छा होती, परंतु तिथे मोजक्याच परवानाधारक कंपन्यांना प्रवेश आहे आणि आमच्या तारखांना जागा उरली नव्हती. दुसरा पर्याय म्हणजे हत्ता गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लहबाब परिसरातल्या तांबड्या टेकड्या. तिथे जायला दुबई शहरातून पाऊण-एक तास लागतो.

लहबाबची सफर आम्ही आधी एका एजंटकडे विचारली. माणशी १४० दिरहम, गाडीत इतर प्रवासी असणार, असे त्याने सांगितले. त्याने जो अर्ज पाठवला त्यात पासपोर्ट क्रमांक, घ्यायला यायचा पत्ता आणि त्याखाली प्रकृतीविषयीचे प्रश्न होते: हृदयविकार आहे का, गर्भवती आहात का, पाठीचे किंवा मानेचे दुखणे आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का. मी पाठीच्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहून अर्ज परत पाठवला. तासाभरात एजंटचा फोन आला. ‘होय’ लिहिले तर गाडीत घेता येणार नाही, सगळे जण ‘नाही’ लिहितात, तुम्हीही तसेच लिहा, ड्रायव्हरला तिथे गेल्यावर हळू चालवायला सांगा, असे त्याचे म्हणणे होते.

त्या फोनने मी फार अस्वस्थ झाले. माझे पती आणि जावई दोघेही ‘लिहून टाक, काही होत नाही’ या मताचे होते आणि त्यांच्या उत्साहावर पाणी पडू नये असे मलाही वाटत होते. पण मी अर्जाखालचे हमीपत्र सावकाश वाचले. प्रकृतीविषयी दिलेली माहिती चुकीची निघाली तर जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाची, असे त्यात स्पष्ट होते. मग आमच्या प्रवास विम्याची कागदपत्रे काढली. त्यांत साहसी प्रकारांसाठी वेगळे कलम होते आणि आधीपासूनच्या दुखण्याविषयी त्याहून वेगळे. खोटे ‘नाही’ लिहून टेकडीवर कंबर धरली असती, तर उपचारांचा सगळा खर्च आमच्या अंगावर आला असता. शिवाय त्या गाडीत आणखी अनोळखी माणसे असणार होती. त्यांनी ज्यासाठी पैसे भरले ती वेगवान सफर माझ्यासाठी हळू करायला कोणत्या तोंडाने सांगायचे? मी तो अर्ज मागे घेतला. पैसे भरलेले नव्हते, त्यामुळे परताव्याचा प्रश्न आला नाही.

दुसऱ्या कंपनीला लेकीने आधीच सगळे स्पष्ट लिहून विचारले: गादी सरकण्याचा चार वर्षांपूर्वीचा इतिहास, सध्या वेदना नाहीत, गाडी लागते, वय ५९. उत्तर यायला दोन दिवस लागले, पण ते विचारपूर्वक लिहिलेले होते. सामाईक गाडीत घेणार नाही, मात्र स्वतंत्र गाडी घेतली तर टेकड्यांवरचे जोरदार चालवणे वगळून किंवा अगदी मर्यादित ठेवून सफर करता येईल, त्यासाठी डॉक्टरांचे पत्र हवे, असे त्यांनी कळवले. स्वतंत्र गाडीचे ६५० दिरहम होते. त्यात सहा जणांपर्यंत माणसे, पाणी, चहा आणि उंटावरचा छोटा फेरफटका धरलेला होता. चार चाकी क्वाड बाइकचे पैसे वेगळे होते, पण आम्हाला ती नकोच होती. सामाईक गाडीत आम्हा चौघांचे ५६० दिरहम झाले असते. म्हणजे फरक फक्त ९० दिरहमांचा, त्या आठवड्यातल्या दराने साधारण दोन हजार रुपयांचा होता. स्वतंत्र गाडी परवडणार नाही असे आम्ही विचारण्याआधीच गृहीत धरले होते. तीन-चार माणसे असतील तर हा हिशेब अवश्य करून पाहावा.

डॉक्टरांचे पत्र मिळायला पाच दिवस गेले. माझ्या हाडांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांनी जुन्या एमआरआयचा अहवाल पुन्हा मागवला, तो घरी कपाटात होता. शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून त्याची छायाचित्रे मिळाली. अहवाल, चालू औषधांची यादी आणि शेवटच्या तपासणीची नोंद एवढे तरी मोबाइलमध्ये साठवून ठेवा, नाहीतर परदेशात बसून असा खटाटोप करावा लागतो. डॉक्टरांनी पत्रात चार अटी घातल्या: वाळूवर गाडी फक्त सपाट किंवा सौम्य उतारावर आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, कमरेचा पट्टा बांधलेला असावा, उंट आणि क्वाड बाइक पूर्ण वर्ज्य, आणि पायात मुंग्या आल्यास तत्काळ थांबणे. मला या अटींनी धीर आला, कारण आता ‘जावे की नाही’ हा प्रश्न उरला नव्हता, कसे जायचे एवढेच उरले होते.

जानेवारीच्या ११ तारखेची पहाट ठरली. साडेतीनला उठले, गाडी लागण्यावरची गोळी काढून ठेवली, कपडे केले, आणि पावणेपाचला फोन वाजला. दाट धुके पसरले होते, तिथल्या राष्ट्रीय हवामान केंद्राने इशारा दिला होता आणि सफर रद्द झाली होती. हिवाळ्यात समुद्रावरची दमट हवा रात्री गार झालेल्या जमिनीवर येते आणि आतल्या वाळवंटात पहाटे समोरची गाडी दिसू नये असे धुके साचते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे न कापता नवी तारीख देण्याची अट पावतीवर होती आणि ती कंपनीने पाळली. मात्र आपण स्वतः चोवीस तासांच्या आत रद्द केले तर परतावा नव्हता. जानेवारीत जाणाऱ्यांनी सफर मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. आमच्या हातात दिवस होते म्हणून १६ तारीख मिळाली.

१६ तारखेला साडेपाचला गाडी दारात आली. सात आसनांची लँड क्रूझर होती आणि तिच्या आत छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला होता, जेणेकरून गाडी उलटली तरी छत दबू नये. ड्रायव्हर हेच आमचे मार्गदर्शक होते. पन्नाशीचे, पेशावरकडचे, दुबईत वीस वर्षे गाडी चालवणारे. त्यांनी आधी आपला सफारीचा परवाना दाखवला, मग डॉक्टरांचे पत्र मागून घेतले आणि आतला दिवा लावून संपूर्ण वाचले. वाचून झाल्यावर मला म्हणाले, “बाजी, तुम्ही पुढे बसा. मागच्या चाकांच्या मागे बसणाऱ्याला सगळ्यात जास्त दणके बसतात.” बाजी म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण, हे लेकीने हळूच सांगितले. त्यांनी हात वर करण्याची खूण ठरवून दिली: मी उजवा हात उचलला की ते काही न विचारता सपाट जागा पाहून थांबतील. एरवी ओरडून सांगावे लागले असते आणि संकोचाने मी कदाचित सांगितलेही नसते.

गोळी मी निघण्याआधी अर्धा तास घेतली होती आणि सोबत एक केळे व दोन बिस्किटे खाल्ली होती. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि भरपेटही जाऊ नये, हे माझ्या बाबतीत अचूक ठरले. शहराचे दिवे मागे पडल्यावर रस्ता सरळ आणि काळोखा होता. सव्वासहाच्या सुमारास गाडी रस्त्याकडेच्या एका थांब्यावर थांबली. पुढे कुठेही स्वच्छतागृह नाही, तेव्हा तिथेच जाऊन यावे. आमच्या वयाच्या लोकांना ही गोष्ट आधी कळणे गरजेचे आहे. त्या दुकानात डोक्याला बांधायच्या रुमालाचे ६० दिरहम सांगत होते, तसाच रुमाल आम्ही शहरातून २० दिरहमांना आणला होता.

थांब्यावर ड्रायव्हर खाली उतरून चारही चाकांतली हवा सोडत होते. रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास असलेला दाब त्यांनी मापक लावून १६ वर आणला. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते आणि चाक वाळूत रुतत नाही. मऊ टायर थोडे दणकेही गिळतो, तुमच्यासाठी ते बरे आहे, असे ते म्हणाले. मी तेवढ्यात कमरेचा पट्टा आवळला, आसनाच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि पाठ पूर्ण टेकवून बसले. फोन, पर्स, बाटली सगळे मागे ठेवायला सांगितले होते, कारण गाडीत मोकळी वस्तू उडते आणि चित्रण करणारा माणूस आधार धरत नाही.

डांबर संपले आणि वाळू सुरू झाली, तो क्षण मला वाटला होता तितका भयंकर नव्हता. गाडी होडीसारखी हलू लागली. दणका असा नव्हता, डुलणे होते. वाऱ्याच्या बाजूने वाळूची टेकडी हळूहळू चढत जाते आणि तिची वाळू दाबून बसलेली असते. पलीकडच्या बाजूला ती एकदम कोसळते आणि तो उतार साधारण ३३ अंशांचा असतो, कारण कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकत नाही. ज्यांना थरार हवा असतो त्यांना त्या कोसळत्या बाजूवरून खाली नेतात. आमचे ड्रायव्हर चढत्या बाजूच्या पोटाशी राहून, दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेतून, वळसे घेत गेले. मी नजर दूर क्षितिजावर ठेवली होती, तिथे आकाश फिकट नारिंगी होत होते. आठव्या का नवव्या मिनिटाला एका आडव्या उतारावर गाडी किंचित घसरली आणि माझ्या पोटात ढवळून आले. मी हात वर केला. गाडी थांबली. कोणी काहीही बोलले नाही, ड्रायव्हरांनी फक्त माझ्या बाजूची काच खाली केली. थंड हवा आत आली, पाच मिनिटांत मळमळ ओसरली आणि पायात मुंग्या नाहीत याची मी बोटे हलवून खात्री करून घेतली. उरलेली पाच-सहा मिनिटे मी कमी घाबरले, कारण खूण चालते हे आता अनुभवाने कळले होते.

एका उंच टेकडीच्या पायथ्याशी आम्ही उतरलो. सूर्य पाच मिनिटांत, सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास, वर येणार होता. १४ अंश तापमानात ती वाळू तळपायाला ओल्या फरशीसारखी थंड लागत होती. बूट वाळूने भरतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या पहाटे ड्रायव्हरांच्या सल्ल्याने आम्ही अनवाणीच चाललो. टेकडी चढताना सरळ वर गेले की एक पाऊल टाकावे तर अर्धे मागे घसरते. धारेच्या कडेकडेने, वाऱ्याच्या बाजूच्या घट्ट वाळूवरून, पुढच्या माणसाच्या पावलांत पाऊल ठेवत गेल्यावर कमरेवर ताण आला नाही. लेक आणि जावई शेंड्यापर्यंत गेले, मी अर्ध्यावर बसले. ऊन पडले आणि आधी करडी दिसणारी वाळू क्षणात तांबडी झाली. तिच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचे पातळ आवरण असते, किनाऱ्याकडच्या वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा जास्त म्हणून ती पांढुरकी असते, असे लेकीने सांगितले होते. पण सांगून तो रंग कळत नाही.

मी बसले होते तिथून वाळूवरच्या खुणा दिसत होत्या. रात्रीत कोण कोण तिथून गेले याची ती नोंदच होती: भुंग्याच्या पायांची शिवणकामासारखी दुहेरी रांग, पालीच्या शेपटीची मध्ये ओढलेली रेघ, आणि एका बाजूला कोल्ह्याची एकामागे एक पडलेली छोटी पावले. आठनंतर वारा सुटला की हे सगळे पुसले जाते. संध्याकाळच्या सफरीला येणाऱ्यांना ते पाहायला मिळत नाही, आणि सकाळ निवडण्याचे हे कारण मला आधी कोणी सांगितले नव्हते.

खाली उतरल्यावर ड्रायव्हरांनी थर्मासमधला चहा एका झाडाजवळ ओतला. काटेरी, लोंबत्या फांद्यांचे, बारीक पानांचे झाड होते. त्याला तिथे घाफ म्हणतात, २००८ साली ते त्या देशाचे राष्ट्रीय झाड ठरले. मी पान न तोडताच हातात धरून निरखून पाहिले आणि ओळखले. ती आपली शमी होती, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली ती. दसऱ्याला जिची चार पाने आपण शोधत फिरतो, ते झाड इथे मुळे कित्येक मीटर खोल नेऊन, कोणी पाणी न घालता, उंटांना आणि पक्ष्यांना सावली देत उभे होते. मी ड्रायव्हरांना अज्ञातवासाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि शस्त्रे परत मिळाली का, असे विचारले.

पलीकडे उंट होते. डॉक्टरांच्या अटीप्रमाणे मी बसले नाही, माझे पती बसले. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो; तेव्हा आणि खाली बसतानाही मागे रेलून खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरावी लागते. कमरेच्या दुखण्यासाठी तो झटका टेकड्यांवरच्या गाडीपेक्षा वाईट आहे असे मी पाहून सांगू शकते. जावयाने फळीवर बसून वाळूवरून घसरण्याचे दोन प्रयत्न केले. तोपर्यंत साडेआठ वाजले होते, इतर गाड्या येऊ लागल्या होत्या आणि त्या ज्या वेगाने धारेवरून खाली झेपावत होत्या ते पाहून अर्जातला माझा ‘होय’ मला फार योग्य वाटला.

परतताना त्याच थांब्यावर पंपाने चाकांत पुन्हा हवा भरली. दाब कमी असताना डांबरी रस्त्यावर वेगाने जाणे धोक्याचे असते, म्हणून त्यात दहा मिनिटे गेली तरी घाई करू नये. ड्रायव्हरांना आम्ही ५० दिरहम बक्षीस दिले. सव्वादहाला घरी पोहोचलो. चौघांचे रुमाल आणि बक्षीस धरून एकूण खर्च ७८० दिरहम झाला.

दुपारी कमरेत जडपणा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना दुखत होते, दहापैकी तीन म्हणावे इतके. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या दोन वेळा घेतल्या, गरम पाण्याची पिशवी लावली, नेहमीचे व्यायाम एक दिवस थांबवले आणि १८ तारखेच्या संध्याकाळी लेकीबरोबर खाडीकाठी तासभर चालून आले. डॉक्टरांना फोन करून सगळे कळवले, तेव्हा त्यांनी किती मिनिटे गाडी चालली, कोणत्या आसनावर बसले होते, टॉवेल कुठे ठेवला होता, हे सगळे विचारून लिहून घेतले. त्यांच्याकडे आणखी एक रुग्ण मार्च महिन्यात तिकडेच जाणार होत्या.